ताकद डब्यात की ताटात?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या आवारात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. वक्ते आपलेच सभासद असून क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न व त्यांची उत्तरं दिली आहेत. – संपादक मंडळ)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो तेव्हा धारूरात व्यायाम म्हणजे सकाळी किल्ल्याकडं फिरायला जाणं, शाळेच्या मैदानावर कबड्डी आणि एखाद्या तालमीत जोर-बैठका. आज गल्लीगल्लीत जिम झाली. पहाटे पाच वाजता घाटाच्या रस्त्यानं पोरं पळताना दिसतात. पोरीही पळतात, याचा मला जास्त आनंद आहे. पोलीस भरती, सैन्य भरती, वनरक्षक. आपल्या भागात शेतीला पाणी नाही आणि गावात कारखाना नाही, तेव्हा ही भरती म्हणजे घराचं नशीब बदलणारी गोष्ट आहे. म्हणून आजचा विषय मी गमतीनं घेतलेला नाही.

अध्यक्षांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "डबा." त्यांना वाटलं जेवणाचा डबा. मी म्हणालो, तो नव्हे, पावडरीचा. आपल्या सोसायटीतल्या निदान पाच-सहा घरांत आज असा डबा आहे. मागच्याच महिन्यात एका ताईंनी जिन्यात थांबवून विचारलं, "सर, पोरगं म्हणतंय तीन हजाराचा डबा आणल्याशिवाय बॉडी होत नाही. भरती निघालीय. कानातलं मोडून आणू का?" आता या प्रश्नाला "आणा" किंवा "आणू नका" असं एका शब्दात उत्तर देणं सोपं होतं. पण ते खरं झालं नसतं. डब्या-डब्यात फरक आहे, आणि तो समजून घेतला पाहिजे.

स्नायू वाढतो कसा?

आधी थोडं शरीराचं बोलू. आपण वजन उचलतो, चढावर पळतो, बैठका मारतो, तेव्हा स्नायूंच्या तंतूंवर ताण येतो आणि त्यांना अगदी बारीक इजा होते. नवा व्यायाम सुरू केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, जिना उतरवत नाही, ते यामुळंच. पुष्कळ जण म्हणतात, "लॅक्टिक ॲसिड साठलं." तसं नाही. ते व्यायामानंतर तासा-दीड तासातच रक्तातून निघून जातं. दुखणं मात्र चोवीस तासांनी सुरू होतं आणि दोन-तीन दिवस राहतं. ती दुरुस्ती चालू असल्याची खूण आहे.

ही दुरुस्ती शरीर प्रथिनांनी करतं. प्रथिनं म्हणजे विटा समजा. कार्बोहायड्रेट म्हणजे भाकरी, भात, गूळ, केळी, हे काम करणाऱ्या मजुरांची मजुरी समजा. आणि झोप म्हणजे बांधकामाची वेळ. विटा कितीही आणून टाकल्या आणि मजूरच उपाशी, कामाला वेळही नाही, तर भिंत उभी राहील का? आणि व्यायामच केला नाही, तर बांधकामाची ऑर्डरच निघाली नाही! नुसत्या विटांचा ढीग पडतो, आणि आपल्या बाबतीत तो पोटावर पडतो.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी नियमित सराव, मग पोटभर जेवण, मग झोप, मग पाणी. डब्याचा नंबर यांच्यानंतर.

प्रोटीन पावडर म्हणजे काय?

दूध नासलं की चोथा वेगळा होतो आणि हिरवट पाणी वेगळं होतं. घरी पनीर करणाऱ्या बायांना ते पाणी ठाऊक आहे. चीज करताना असंच पाणी उरतं. त्यातली प्रथिनं गाळून, वाळवून जी पूड करतात तिला व्हे प्रोटीन म्हणतात. म्हणजे ते काही जादूचं औषध नाही आणि विषही नाही. ते दुधातलंच प्रथिन आहे, जरा सोयीच्या रूपात. पचतं चांगलं. एका चमच्यात, त्या डब्यातल्या मापात, साधारण २४ ग्रॅम प्रथिन असतं. एक किलोचा डबा रोज एक माप घेतलं तर महिनाभर पुरतो.

आता याचा उपयोग किती? २०१८ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी जगभरातले ४९ प्रयोग एकत्र करून तपासले. त्यांत एकूण १८६३ माणसं होती. वजनाचा व्यायाम करणाऱ्यांना जादा प्रथिन दिलं, तर फायदा झाला का? झाला, पण थोडा. स्नायूंसकटचं चरबीविरहित वजन सरासरी ३०० ग्रॅमनं जास्त वाढलं. ताकद वाढली ती प्रामुख्यानं व्यायामानं. प्रथिनानं त्यात थोडी भर घातली. आणि दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागं सुमारे १.६ ग्रॅमच्या वर प्रथिन गेलं, की त्यापुढं स्नायूंना काही जादा मिळेना.

आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. तिथंही हेच सांगितलंय, आणि शरीर कमावण्यासाठी पावडरीच्या मागं लागू नका असा सल्ला दिलाय. साध्या माणसाला दर किलो वजनामागं ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरतं, असं आपल्याकडचं प्रमाण आहे.

चला, हिशोब करू. आपला पोरगा ६५ किलोचा आहे. साधा राहिला तर त्याला ५४ ग्रॅम लागतील. रोज दोन वेळा घाम गाळतो, तर जास्तीत जास्त १०४ ग्रॅम. आता ताट मांडा. ज्वारीच्या तीन भाकरी: १८ ग्रॅम. घट्ट वरण, म्हणजे साधारण ५० ग्रॅम डाळीचं: ११ ग्रॅम. मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, तेवढ्याच कडधान्याची: ११ ग्रॅम. अर्धा लिटर दूध किंवा त्याचं दही: १६ ग्रॅम. दोन अंडी: १२ ग्रॅम. ५० ग्रॅम शेंगदाणे: १२ ग्रॅम. किती झाले? ८०. यात ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घातल्या की आणखी १५. म्हणजे ९५ ग्रॅम. अंडं न खाणाऱ्यानं वड्या थोड्या वाढवाव्यात. डबा न आणता आपण जवळजवळ तिथं पोहोचलो!

पण मी इथं खोटा अभिमानही बाळगणार नाही. "आमचे आजोबा नुसत्या भाकरीवर पहिलवान होते" असं म्हणून चालत नाही. आपल्या तालुक्यातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या जातात. डोक्यावर मोळी घेऊन फळी चढणाऱ्या त्या बाईची ताकद बघा. जिममधला कुणी तिची बरोबरी करणार नाही. पण त्याच बाईचं रक्त तपासलं तर कमी निघतं, कंबर लवकर जाते. कारण कष्ट भरपूर आणि ताटात भाकरी, मिरची, एवढंच. तेव्हा ताट भरलेलं असेल तर डब्याची गरज नाही, आणि ताट रिकामं असेल तर आधी ताट भरा. त्या ताईंना मी हेच सांगितलं: कानातलं मोडू नका. रोज अर्धा लिटर दूध आणि मूठभर शेंगदाणे वाढवा, डब्यातल्या मापाइतकं प्रथिन त्यातच आलं.

एक सावधगिरी 'मास गेनर' नावाच्या डब्याबद्दल. वजन वाढवणारा म्हणून तो विकतात. त्यात बहुतेक भाग साखरेसारख्या पिठूळ पदार्थाचा असतो. एवढ्या किमतीत घरी शेंगदाण्याचे, तिळाचे, डिंकाचे लाडू वर्षभर होतात.

थोडंफार काम करणाऱ्या गोष्टी

आता मला प्रामाणिकपणे सांगायला हवं की सगळेच पूरक पदार्थ खोटे नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१८ साली तज्ज्ञ बसवून यादी तपासली. बाजारात हजारो वस्तू असताना कामगिरी वाढवण्याचा बरा पुरावा असलेल्या निघाल्या बोटांवर मोजण्याइतक्या: कॅफीन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-ॲलानिन आणि सोडियम बायकार्बोनेट. शेवटचं नाव ऐकून दचकू नका, तो आपला खायचा सोडाच.

पण प्रत्येकाला अट आहे. क्रिएटिन घ्या. हे आपलं शरीर स्वतः रोज साधारण एक ग्रॅम बनवतं, बाकीचं मांसाहारातून येतं. दिवसाला ३ ते ५ ग्रॅम घेतलं तर छोट्या, जोरदार, पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या कामात फायदा होतो: वजन उचलणं, छोट्या धावा, कुस्तीचे डाव. पण त्यानं स्नायूंत पाणी धरलं जातं आणि वजन एक-दोन किलोनं वाढतं. आता भरतीला मुलांना काय असतं? १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० गुण. त्यांतले २० गुण एकट्या १६०० मीटरचे. तिथं हे दोन किलो पाठीवर घेऊन पळायचं का? जिममधला गडी म्हणतो "घे", त्याला बाहू दाखवायचे असतात. तुला पळायचंय. दोघांची गरज एक कशी असेल?

कॅफीनचं तसंच. व्यायामाआधी दर किलोमागं ३ मिलिग्रॅमच्या आसपास घेतल्यावर थकवा उशिरा जाणवतो, हे खरं आहे. ६५ किलोच्या माणसाला ते होतात सुमारे २०० मिलिग्रॅम. म्हणजे आपले चार-पाच कप चहा! पण ज्याला सवय नाही त्याच्या छातीत धडधड, हाताला कंप, पोटात गडबड, आणि संध्याकाळी घेतलं तर रात्रीची झोप गेली. झोप गेली की स्नायूंची दुरुस्ती गेली. एका हातानं मिळवलं ते दुसऱ्या हातानं घालवलं. बाजारातल्या 'प्री-वर्कआउट' पावडरीत हेच कॅफीन भरपूर असतं. शाळकरी पोरांनी त्याच्या वाटेलाच जाऊ नये.

खायच्या सोड्याचं माप आहे दर किलोमागं ०.३ ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे आपल्या पोराला जवळजवळ २० ग्रॅम. एवढा सोडा पोटात गेल्यावर पळायचं कुठं, मैदानाकडं की दुसरीकडं, हे सांगायला नको. (हशा) म्हणून कृपा करून घरी प्रयोग करू नका. बीटचा रस, ज्यात नायट्रेट असतं, तो निरुपद्रवी आहे. लांब पळणाऱ्या काहींना थोडा उपयोग होतो. लघवी लाल झाली तर घाबरू नका एवढंच.

पैसे घालवणाऱ्या गोष्टी

बीसीएए नावाची पाकिटं फार खपतात. ती म्हणजे प्रथिनातली तीन अमिनो आम्लं. पण स्नायू बांधायला आवश्यक अशी नऊ लागतात. ताटात दूध, डाळ, अंडं असेल तर ती तीन आधीच मिळालेली असतात. ग्लुटामिनचंही तेच. 'टेस्टोस्टेरॉन बूस्टर' म्हणून विकतात त्याला निरोगी तरुणांत चांगला पुरावा नाही.

जीवनसत्त्वांच्या मोठ्या गोळ्यांबद्दल एक आश्चर्याची गोष्ट सांगतो. लोकांना वाटतं, व्हिटॅमिन सी आणि ई जास्त घेतलं की दुखणं कमी आणि ताकद जास्त. २००९ साली जर्मनीतल्या एका प्रयोगात व्यायाम करणाऱ्यांना रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई दिलं. तर व्यायामानं रक्तातल्या साखरेच्या बाबतीत शरीरात जी सुधारणा व्हायला हवी होती, तीच या गोळ्यांमुळं अडली. व्यायामानं शरीराला जो थोडा ताण बसतो तोच त्याला शिकवतो. तो ताण गोळीनं पुसून टाकला तर धडाही पुसला जातो. आपल्याकडं आवळा आहे, लिंबू आहे, पेरू आहे. हंगामात बालाघाटचं सीताफळ आहे. तेवढं पुरे.

जिथं जीव जातो

आता जे सांगतोय ते पालकांनी नीट ऐका.

डब्यावर लिहिलंय तेच आत असतं का? २०२४ साली केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं भारतात मिळणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या. त्यांतल्या २५ मध्ये प्रथिनाचं प्रमाण लेबलाशी जुळेना. काहींत तर लिहिलेल्याच्या निम्मंच. काही नमुन्यांत बुरशीचं विष आणि काहींत कीटकनाशकाचे अंश सापडले. त्याही आधी, जर्मनीतल्या कोलोन इथल्या प्रयोगशाळेनं १३ देशांतून ६३४ पूरक पदार्थ आणून तपासले होते. त्यांपैकी ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेली स्टेरॉइडं निघाली. म्हणजे दर सात डब्यांमागं एक!

खेळाडूचं यात काय होतं ते आपण महाराष्ट्रात पाहिलंय. नरसिंग यादव २०११, २०१२ आणि २०१३ असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ मिळवून त्यानं रिओ ऑलिम्पिकची जागा आणली. २०१६ च्या जुलैत त्याच्या चाचणीत मिथँडिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. त्याचं म्हणणं होतं, माझ्या खाण्या-पिण्यात कुणीतरी मिसळलं. आपल्या राष्ट्रीय संस्थेनं त्याला मोकळंही केलं. पण जागतिक संस्था क्रीडा न्यायाधिकरणाकडं गेली, आणि ऐन रिओमध्ये, कुस्तीच्या आदल्या दिवशी, त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. त्या निकालाच्या वादात मला पडायचं नाही. पोरांनो, तुम्ही फक्त नियम लक्षात ठेवा: तुमच्या शरीरात जे सापडेल त्याला जबाबदार तुम्ही. "मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही.

आणि हे झालं मोठ्या स्पर्धेचं. भरतीच्या दिवसांत आपल्या राज्यात उत्तेजक इंजेक्शनं सापडल्याच्या बातम्या येतात. मेफेंटरमाइन नावाचं एक औषध आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचा रक्तदाब खाली गेला तर तो वर आणायला भूलतज्ज्ञ ते वापरतात. तेच जिमच्या मागच्या दारानं "स्टॅमिना वाढतो" म्हणून टोचलं जातं. हृदय धावतं, रक्तदाब चढतो, थकवा कळत नाही. थकवा हा शरीराचा चौकीदार आहे; त्याला बांधून ठेवलं की आतलं घर कुणी लुटलं ते समजत नाही. सवय लागते ती वेगळी. एकच सुई दोघांनी वापरली तर काविळीचा आणि एचआयव्हीचा धोका. स्टेरॉइडांनी यकृत, हृदय बिघडतं, आणि पुढं लग्न झाल्यावर मूल होत नाही तेव्हा कारण कळतं. घरात सुई, बिनालेबलची बाटली, प्लॅस्टिकच्या पिशवीतली सुटी पावडर दिसली तर पोराला मारू नका, ओरडू नका, पण गप्पही बसू नका. त्याला घेऊन डॉक्टरकडं जा. अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय आपल्यापासून लांब नाही.

आपल्याच जिल्ह्याचे दोन धडे

बीड जिल्ह्याला नेहमी दुष्काळी, मागास म्हणतात. त्या जिल्ह्यानं देशाला काय दिलं ते सांगतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. शेतकऱ्याच्या घरचा. शाळेला वाहन नव्हतं म्हणून पळत-चालत जाणारा पोरगा. बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीनच्या थंडीत राहिला, राजस्थानच्या उन्हातही राहिला. २०१८ साली भुवनेश्वरला त्यानं तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं २९.८० सेकंदांत पळून गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा विक्रम मोडला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य. सोनं हुकलं ते फक्त ०.०५ सेकंदानं. २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंद.

आता वजाबाकी करा. २०१८ ते २०२४, सहा वर्षं, आणि वेळ कमी झाली सुमारे २० सेकंदांनी. वर्षाला साधारण तीन-साडेतीन सेकंद. त्यासाठी उटीच्या डोंगरात, परदेशात उंचावर सराव, पुन्हा पुन्हा. आणि आपला पोरगा म्हणतो, भरती दीड महिन्यावर आलीय, असं काही द्या की तीस सेकंद कमी होतील! ते कोणत्याही डब्यात मिळत नाही, बाळा.

दुसरा पाटोद्याचा राहुल आवारे. वडीलही पहिलवान. पुण्याला हरिश्चंद्र बिराजदारांच्या तालमीत घडला. २०१८ ला राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, २०१९ ला जागतिक स्पर्धेत ब्राँझ. आपल्याकडं तालमीत 'खुराक' हा शब्द आहे. दूध, तूप, बदाम, थंडाई. खुराक म्हणजे नुसतं खाणं नव्हे. वस्ताद ठरवतो ते, ठरल्या वेळी, ठरलेल्या मेहनतीनंतर. डबा घेणारी पोरं खुराक घेतात, पण वस्ताद सोडून देतात. मोबाइलवरचा माणूस त्यांचा वस्ताद होतो. तो त्यांना कधी पाहत नाही, आणि त्याला डबा विकायचा असतो.

आपण काय करू शकतो?

रौप्यमहोत्सवाचा थोडा निधी शिल्लक राहणार आहे असं कानावर आलंय. माझी कार्यकारिणीला विनंती आहे. एक, आवाराच्या मागच्या मोकळ्या जागेत दोन उंचीचे सिंगल बार आणि गोळाफेकीला मातीचा चौक करा. दोन, वर्षातून एकदा सगळ्यांची हिमोग्लोबिन आणि साखरेची तपासणी ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळलाय. ज्या पोरीचं हिमोग्लोबिन कमी आहे तिला प्रोटीनचा डबा देऊन काय उपयोग? रक्तच ऑक्सिजन वाहून नेत नसेल तर ती पळणार कशी? तिच्यासाठी खरं 'सप्लिमेंट' आहे लोहाची गोळी, जी शाळेत आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तिसरी गोष्ट आईवडिलांना: पोर पहाटे पळायला जात असेल तर रात्री साडेनऊला घरातला टीव्ही बंद करा. ही सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे, आणि मला माहीत आहे, सगळ्यात अवघडही.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.

काही प्रश्न

*डबा आणलेलाच आहे. फेकून द्यायचा का?*

फेकू नका. सील होतं का, एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक आहे का, तारीख संपली नाही ना, पावती आहे का, हे बघा. घटकांपुढं प्रमाण न लिहिता नुसतं 'ब्लेंड' असं लिहिलं असेल तर शंका घ्या. सगळं नीट असेल तर जेवण कमी पडलेल्या दिवशी एक माप दुधात घ्या. संपल्यावर नवा आणायची घाई करू नका. शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करता येते.

*प्रोटीननं किडनी खराब होते म्हणतात?*

निरोगी माणसाला मी सांगितलेल्या मर्यादेत तसा धोका दिसलेला नाही. पण मधुमेह, रक्तदाब किंवा आधीच किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चमचाभरही नको. आणि क्रिएटिन घेणाऱ्यानं रक्त तपासताना ते सांगावं. नाहीतर क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं आणि घरचे घाबरतात.

*आमचं वय पासष्ट. आम्हाला याचा काय उपयोग?*

काका, तुम्हालाच जास्त! वय वाढलं की स्नायू झिजतात, म्हणून खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो. ज्येष्ठांनी दर किलोमागं एक ग्रॅमपेक्षा थोडं जास्त प्रथिन खावं असं तज्ज्ञ सांगतात, आणि आपल्याकडं होतं उलटं. "आता आमचं काय खायचं वय आहे" म्हणून चहा-बिस्किटावर भागवतात. सकाळी दही किंवा अंडं, दुपारी घट्ट वरण, रात्री दूध. आणि दिवसातून दोन वेळा, हात न टेकता, खुर्चीतून दहादा उठा-बसा. त्यासाठी जिमची फी लागत नाही.

*उन्हात पळून आल्यावर काय प्यावं? ग्लुकोजची पावडर?*

तासाभराच्या आतल्या सरावाला साधं पाणी पुरतं. चैत्र-वैशाखात जास्त वेळ पळत असाल तर मीठ घातलेलं ताक, किंवा लिंबू-मीठ-साखरेचं सरबत. घरी आल्यावर तासा-दोन तासांत नीट जेवा. गूळ-शेंगदाणे आणि एक केळं खिशात असलं तर तेही चालेल.

*तळ्यावरची पोरं म्हणतात व्यायामानंतर अर्ध्या तासात पावडर घेतली नाही तर सगळं वाया.*

तसं काही नाही. व्यायामानंतर स्नायूंची दुरुस्ती दिवसभर, त्याहूनही जास्त चालते. दिवसाचं एकूण खाणं महत्त्वाचं. तीन-चार वेळा थोडं थोडं विभागून खाल्लं तर उत्तम. म्हणजे आईनं हाक मारली की जेवायला या, एवढंच!